जावा-जावांचं गाणं

बेळगावच्या शहापुरात बत्तीस वर्षं मी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केले. या महिन्यात आलेल्या तीन पत्रांचं उत्तर शोधताना तिन्ही वेळा एकाच घराची आठवण झाली, म्हणून ती एकत्र घेतोय.

प्रश्न : आम्ही घरातलेच तिघं गातो. मी, माझी धाकटी जाऊ आणि आमचे थोरले भाऊजी. रोप लावतानाची भलरी, जात्यावरच्या ओव्या, देवीची गाणी. भाऊजी मोटारसायकल घेऊन गावोगाव फिरतात, म्हाताऱ्या बायकांकडनं गाणी लिहून आणतात आणि आम्ही दोघी ती बसवतो. पुतण्या मोबाईलवर चढवतो. तो म्हणतो, "काकी, तुम्ही म्हणजे अमेरिकेतली कार्टर फॅमिली." ही कोण माणसं? आणि दुसरं, भाऊजी म्हणतात, गाणी मी आणली, तर सगळ्यांवर माझंच नाव घाला. हे बरोबर आहे का?
— नंदगडहून एक भगिनी

उत्तर : ताई, पुतण्या अगदी नेमकं बोलला. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात क्लिंच डोंगराच्या पायथ्याला पुअर व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथले ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि ए. पीं.च्या भावाची, एझ्राची बायको मेबेल, असं हे तिघांचं घरचं मंडळ. सारा आणि मेबेल आधीच नात्यानं बहिणी, लग्नानंतर जावा झाल्या. सारा मुख्य गाणारी, मेबेल गिटार वाजवणारी. ए. पी. मनात आलं की खालच्या सुरात साथ धरायचे, पण त्यांचं खरं काम तुमच्या भाऊजींचंच : डोंगरातनं फिरून गाणी गोळा करायची.

1927 च्या जुलैअखेर व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर हे गृहस्थ रेकॉर्डिंगचं सामान घेऊन ब्रिस्टल गावात उतरले. हे गाव अर्धं व्हर्जिनियात, अर्धं टेनेसीत. दोन राज्यांची हद्द भर बाजारपेठेतनं, स्टेट स्ट्रीटच्या मधोमध जाते. एका बाजूच्या दुकानातनं निघून समोर चहाला गेलं की राज्य बदललं. आपण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवरची माणसं, आपल्याला हे समजावून सांगायला नको. पीअर यांनी टेनेसीच्या बाजूची टोपीवाल्या कंपनीची इमारत घेतली आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पांघरुणं लावली.

कार्टर मंडळींचं गाव तिथनं चाळीसेक किलोमीटर. मोटार एझ्राची. ती मागून घेताना ए. पीं.नी भावाला शब्द दिला म्हणतात, की तुझं मक्याचं शेत भांगलून देतो. मेबेल अठरा वर्षांची आणि पोटुशी. साराच्या कडेवर तान्हं मूल. रस्ता कच्चा आणि उन्हाळ्याचे दिवस. 1 ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी चार गाणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी दोन. एका गाण्याला 50 डॉलर रोख आणि पुढं विक्रीवर थोडा वाटा. त्याच आठवड्यात त्याच खोलीत पुढं मोठे गायक झालेले जिमी रॉजर्स हेही पहिल्यांदा गायले. 1998 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं ब्रिस्टलला कंट्री, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या संगीताचं जन्मगाव म्हणून मान्यता दिली, ती याच दिवसांमुळं.

यात माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. 1925 पर्यंत रेकॉर्ड करायला भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागायचं. मग मायक्रोफोन आला. सारा कार्टरचा आवाज ऐका : कुठं गळ्याची हरकत नाही, कुठं लाडिकपणा नाही, विहिरीवर पाणी शेंदता शेंदता बाई गातेय असा. भोंग्याच्या काळात तो कुणाला कळला नसता. आणि त्या तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. ए. पी. लांबलचक गाण्यांतली कडवी गाळायचे, जोडायचे, तीन मिनिटांत बसवायचे. तुमच्या ओव्या मोबाईलवर टाकतानाही हेच करावं लागेल. पण गाळलेल्या ओव्या वहीत राहू देत, त्या टाकू नका.

आता नावाचं. यावर मला तळमळीनं बोलायचं आहे.

ए. पीं.च्या बरोबर फिरायला लेस्ली रिडल नावाचा एक काळा गिटारवादक असायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं बंदुकीच्या अपघातात. दोघं घरोघर जायचे. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचे आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. ए. पीं.च्या ध्यानात चाल राहत नसे, रिडल एकदा ऐकलेली चाल सोडत नसे. घरी आल्यावर तो ती सारा-मेबेलना वाजवून दाखवायचा. मेबेलनं त्याच्याकडनं बोटांचं कामही घेतलं. तव्यांवर मात्र नाव ए. पी. कार्टर. हक्क पीअर यांच्या कंपनीकडं. रिडलचं नाव कुठंच नाही. तो पुढं दूर रॉचेस्टरला जाऊन राहिला आणि त्यानं गिटार विकून टाकली. साठच्या दशकात माइक सीगर या संगीतकारानं त्याला शोधून काढलं, त्याचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा जगाला कळलं.

ताई, आमच्याच घरातलं सांगतो. माझी आत्ती खानापूरकडची. मळप्रभेच्या काठाला तिचं शेत. रोप लावताना चिखलात वाकून ती जी भलरी म्हणायची, ती ऐकून बाकीच्या बायकांचे हात आपोआप ठेक्यात पडायचे. ऐंशीच्या दशकात एका कॅसेट कंपनीचा माणूस आला. त्यानं तिच्याकडनं पाच गाणी घेतली आणि शहरातल्या गायिकेकडनं म्हणवली. कॅसेट बाजारात आली तेव्हा आत्ती माझ्या दुकानात आली. तिला वाचता येत नव्हतं. डबीतला कागद तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं : गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, गीत पारंपरिक. "पुढं?" मी कंपनीचं नाव वाचलं. "पुढं वाच की." पुढं किंमत होती. मी किंमतही वाचली. तिनं कागद परत घेतला, नीट घडी करून डबीत ठेवला आणि डबी पिशवीत टाकली. नंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मला मात्र तो "पुढं?" अजून ऐकू येतो.

म्हणून भाऊजींना माझं हात जोडून सांगणं आहे. तुम्ही पेट्रोल घालून, उन्हातान्हात फिरून गाणी आणता, तर "संकलन" म्हणून तुमचं नाव हक्कानं घाला. पण त्याच्या आधी ज्या म्हातारीनं गाणं दिलं तिचं नाव, तिचं गाव. मग दोघी गाणाऱ्या जावांची नावं. चाल कुणी बसवली तेही. पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, पण तुम्ही गायलेल्या गाण्यावर गाणारीचा हक्क आपल्या कायद्यातही आहे. गाणं मोबाईलवर टाकण्याआधी त्या म्हातारीला एकदा ऐकवून या, आणि तिचं नाव तिला वाचून दाखवा.

प्रश्न : मी गिटार शिकतोय. गावात तबल्याला कुणी मिळत नाही. एकट्यानं चाल आणि ठेका दोन्ही वाजवता येईल का?
— निपाणीजवळच्या गावातून एक विद्यार्थी

उत्तर : येईल. वर सांगितलेल्या मेबेल कार्टरनंच ते करून दाखवलंय. मंडळात वाजवणाऱ्या दोघीच, ढोल नाही, तबला नाही. मग तिनं काय केलं? बहुतेक लोक बारीक तारांवर चाल वाजवतात. तिनं उलटं केलं. अंगठ्यानं जाड तारांवर चाल आणि मधल्या रिकाम्या जागेत तर्जनीनं बारीक तारांवर खाली-वर झाडू मारल्यासारखा ठेका. अंगठा बोलतो आणि बोट ताल धरतं. याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. 'वाइल्डवुड फ्लॉवर' या त्यांच्या 1928 च्या रेकॉर्डवर ते स्वच्छ ऐकू येतं. त्याच साली तिनं गिब्सन कंपनीची एल-5 गिटार 275 डॉलरला घेतली. गरीब खोऱ्यातल्या बाईनं एवढे पैसे वाद्यात घातले! ती गिटार आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

तू असं कर. महिनाभर चाल विसर. डाव्या हातानं एकच कॉर्ड धर. अंगठा जाड तारेवर, बोट बारीक तारांवर, पुन्हा अंगठा, पुन्हा बोट, पाय जमिनीवर आपटत. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगतिणीच्या हातातलं चौंडकं बघितलं असशील. एकच तार, पण बाकी साज नसला तरी गाणं चालतं. तो दम अंगठ्यात आला की मग चाल घे. घाई केलीस तर ठेका निसटेल आणि मग तबलावाला शोधत बसशील.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ चाळीस वर्षांचं. मंडळातल्या दोन भावांच्यात वाटण्या झाल्या. पेटी थोरल्याच्या घरात, पखवाज धाकट्याच्या. दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. एकादशीची भजनं बंद पडलीत. मंडळ मोडावं का?
— बेळगाव तालुक्यातून एक टाळकरी

उत्तर : मोडू नका. कार्टरांच्या घरात याहून मोठी चीर पडली होती. 1933 च्या सुमारास सारा नवऱ्यापासून वेगळी राहू लागली आणि पुढं काडीमोड झाला. तरीही गाण्यापुरती ती येत राहिली. पीअर यांनीही तिला समजावलं. 1941 पर्यंत त्या तिघांनी मिळून सुमारे 300 गाणी तव्यांवर घातली, आणि त्यातली कितीतरी फारकतीनंतरची.

त्यांची सगळ्यात मोठी प्रसिद्धीही फारकतीनंतरचीच. 1938 मध्ये ते टेक्सासातल्या डेल रिओला गेले. नदीपलीकडं मेक्सिकोत एक्सईआरए नावाचं रेडिओ केंद्र होतं. अमेरिकेत 50,000 वॉटच्या वर परवानगी नव्हती आणि हे केंद्र पाच लाख वॉटपर्यंत जायचं. हद्दीपलीकडनं सोडलेला आवाज अख्ख्या अमेरिकेत पोचायचा. आर्कान्सामधल्या कापसाच्या शेतावरचा लहानगा जॉनी कॅश तो ऐकत मोठा झाला, नावाजलेला गायक झाला आणि पुढं मेबेलचाच जावई झाला.

हे वाचलं तेव्हा मला दुकानातले रेडिओ आठवले. गिऱ्हाईक सेट घेऊन यायचं, तर डायलच्या काचेवर नखरंगाचे दोन ठिपके असायचे. एक कानडी धारवाड केंद्राचा, एक मराठी सांगलीचा. काच बदलली की मी ते ठिपके पुन्हा त्याच जागी लावून द्यायचो. एका घरात दोन्ही लागायचे.

कार्टरांचं मूळ मंडळ 1943 मध्ये थांबलं. सारा दुसरं लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली, ए. पीं.नी गावात किराणा दुकान घातलं आणि मेबेल तीन मुलींना घेऊन गात राहिली. 1970 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांना मान मिळाला, असा मान मिळालेलं ते पहिलं मंडळ. तो बघायला ए. पी. नव्हते, ते 1960 मध्ये गेले. त्यांची आणि साराची मुलगी जॅनेट हिनं 1974 मध्ये बापाच्याच दुकानात शनिवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. आई-बाप वेगळे झाले तेव्हा ती लहान होती.

आता तुमचं. पेटी आणि पखवाज दोन्ही देवळात आणून ठेवा, कपाटाची किल्ली पुजाऱ्याकडं राहू दे. म्हणजे कुणाला कुणाच्या दारात जायला नको. येत्या एकादशीला दोघांना वेगवेगळा निरोप धाडा, आणि समजूत घालायला कुणाला मध्ये बसवू नका. धाकट्याला अर्धा तास आधी बोलवा, पखवाजाला कणीक लावायची आहे म्हणून. थोरल्याला त्याच वेळेला बोलवा. पखवाज लावून होईपर्यंत पेटीवर काळी एकचा सूर धरून बसा, एवढंच सांगा.