सेंट्रल लाइनचं इन्फेक्शन नर्सिंगने खरंच थांबतं का?

तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नुकत्याच आयसीयूत लागला आहात, आणि सीनियर सांगतात, "लाइन डॉक्टर टाकतात, इन्फेक्शन झालं तर त्यांचं ते बघतील." हे कितपत खरं, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं मेडिकल आयसीयूत ड्यूटी करते, म्हणून उत्तर देते.

अर्धंच खरं आहे. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, एकदाच टाकली जाते. त्यानंतर ती काढेपर्यंत आपल्याच हातात असते आणि दिवसभरात कितीतरी वेळा उघडली जाते. सुरुवातीच्या दिवसांत जंतू बहुतेक कातडीवरून, टोचल्या जागेतून, नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतात. लाइन जुनी होत गेली की हबमधून, म्हणजे आपण सिरिंज लावतो तिथून, नळीच्या आतून शिरतात. ही दुसरी वाट सगळी आपल्या ताब्यातली.

पुढच्या ड्यूटीला एखाद्या लाइनचा थ्री-वे (नळीला जोडलेली तीन तोंडांची तोटी) जरा जवळून बघा. सॅम्पल घेतल्यावर नीट फ्लश झालं नसेल, म्हणजे सलाइनने नळी धुतली नसेल, तर आट्यांमध्ये वाळलेलं काळपट रक्त दिसेल. झाकण हरवलेलं असतं, त्या जागी कुणीतरी सुई लावून ठेवलेली असते. जंतूंना आणखी काय हवं? प्रत्येक वेळी पोर्ट उघडण्याआधी हात स्वच्छ करायचे आणि अल्कोहोल स्वॅबने हब दाबून, पिळून घासायचा. किमान 5 सेकंद म्हणतात. मी 15 धरते, कारण घाईत 15 चे 8 होतातच. मग तो वाळू द्यायचा. नुसता स्वॅब फिरवून लगेच सिरिंज लावली तर घासल्याचा उपयोग नाही. आणि स्टीलच्या डब्यातला सकाळी भिजवलेला स्पिरिटचा कापूस संध्याकाळी वापरू नका. स्पिरिट केव्हाच उडून गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट फ्लशची. सलाइनच्या बाटलीत सुई टोचून ठेवायची आणि त्या एकाच बाटलीतून सगळ्या बेडना फ्लश भरायचे, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि माझ्या मते सगळ्यात घातक. एक बाटली दूषित झाली की अख्खा वॉर्ड तापतो. आपल्या आयसीयूंमध्ये क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे औषधांना दाद न देणारे जंतू असतात, म्हणून हे जास्तच सांभाळायला हवं. प्रीफिल्ड (आधीच भरलेली) सिरिंज मिळत नसेल तर छोटे अँप्यूल मागा. स्टोअरवाले कुरकुरतील, कुरकुरू दे.

ड्रेसिंगचं थोडक्यात: पारदर्शक असेल तर 7 दिवसांनी, गॉझ असेल तर 2 दिवसांनी बदलायचं, पण ओलं झालं, कडा सुटली, खाली रक्त साचलं तर त्याच क्षणी. सुटलेल्या कडेवर मायक्रोपोरची पट्टी मारून पुढच्या शिफ्टवर ढकलायचं नाही. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन (कातडीवरचे जंतू मारणारं औषध) लावल्यावर फुंकर किंवा पॅडने वारा न घालता वाळू द्यायचं.

राहिलं लाइन टाकणं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी शंभरावर आयसीयूंमध्ये पाच साध्या गोष्टी लावल्या: हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन आणि पेशंटला पूर्ण ड्रेप (निर्जंतुक चादर), क्लोरहेक्सिडिन, शक्यतो मांडीची जागा टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. 2006 साली निकाल छापून आले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी 7.7 इन्फेक्शन होती, ती दीड वर्षात 1.4 वर आली. सगळे त्या चेकलिस्टचं कौतुक करतात. मला त्यातलं मोठं वाटतं ते वेगळंच: नियम मोडला गेला आणि इमर्जन्सी नसेल, तर तिथे नर्सना डॉक्टरांना थांबवायची मुभा होती. आपल्याकडे नव्या सिस्टरने मोठ्या सरांना "थांबा" म्हणणं अवघडच. मी म्हणत नाही. गाऊन उघडून समोर धरते आणि "सर, हात घाला" म्हणते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. रात्री घाईगडबडीत टाकलेली लाइन असेल तर हँडओव्हरला तसं स्पष्ट सांगा. ती 48 तासांच्या आत बदलायची असते.

रोजच्या राउंडला एक प्रश्न तुम्हीच विचारा: "सर, लाइन अजून लागतेय का?" नॉरॲड (बीपी टिकवायचं औषध) बंद होऊन दोन दिवस झाले, पेशंट तोंडाने खातोय, तरी "असू दे, सॅम्पलला बरी पडते" म्हणून लाइन तशीच. अशी लाइन काढून घेणं हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम, कारण नसलेल्या लाइनला इन्फेक्शन होत नाही. मात्र गरज असेल तर "सात दिवस झाले" एवढ्याच कारणाने बदलायची नसते.

एवढं करूनही ताप आलाच, तर अँटिबायोटिकचा डोस जाण्याआधी कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) घ्या: एक लाइनमधून, एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, दोन्हीत रक्त सारखंच. बाटलीवर जागा आणि वेळ लिहायला विसरू नका. लाइनमधली बाटली दुसरीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर संशय लाइनवर जातो, आणि जागाच लिहिलेली नसेल तर लॅबला ते सांगता येत नाही.