ओळीच्या आधीची ओळ

प्रिय पोरी,

तू पाठवलेली वही काल रात्री बसून पूर्ण वाचली. इंग्रजी नाटकांतल्या गाजलेल्या ओळी, खाली नाटकाचं नाव आणि तुझ्या सुरेख अक्षरात मराठी अर्थ. मेहनत दिसते. पण ती ओळ कोण, कुणाला म्हणतं आणि क्षणभर आधी काय घडलेलं असतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ऑडिशनला जायच्या आधी तेवढं कर, म्हणून हे पत्र.

पहिल्याच पानावर तू लाल चौकट केली आहेस: 'टू दाइन ओन सेल्फ बी ट्रू', स्वतःशी प्रामाणिक राहा. 'हॅम्लेट'मध्ये हे पोलोनियस म्हणतो, फ्रान्सला निघालेल्या मुलाला निरोप देताना. आणि दुसरा अंक उघडतो तेव्हा हाच बाप त्याच मुलाच्या मागावर माणूस धाडतो. त्याच्याबद्दल चारचौघांत थोडं खोटंनाटं बोल, म्हणजे खरं बाहेर पडेल, असं शिकवून! ओळ भिंतीवरच्या सुविचारासारखी म्हटलीस तर हा बाप हातातून निसटतो.

'मॅकबेथ'मधल्या 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' पुढे तू 'स्वगत' लिहिलं आहेस. ते खोडून टाक. मॅकबेथचा सेवक सेटन नुकताच त्याला सांगतो की राणी गेली, आणि सेटन तिथेच उभा असतो. शत्रूचं सैन्य चालून येतंय. मॅकबेथला बायकोसाठी रडायलाही सवड उरलेली नाही, आणि त्या कोरड्या जागेतून तो 'उद्या' शब्द येतो.

आता 'किंग लिअर'. ही ओळ तू एका रेघेत उरकलीस, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. फाशी दिलेल्या कॉर्डिलियाला म्हातारा बाप हातांवर घेऊन आलाय. कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे, मग तुझ्यातच श्वास का नाही, असं तो तिला विचारतो. तू आता यायची नाहीस, म्हणतो. आणि मग: 'नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर.' १६०८च्या छापील प्रतीत हा शब्द तीनदाच आहे, १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात, पाचदा. शेक्सपिअरच्या ओळीत एरवी जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. 'नेव्हर'चा जोर पहिल्यावर. म्हणजे अख्खी ओळ उलटी चालते. मोठ्याने म्हणून बघ, पाय अडखळल्यासारखं होतं.

बहुतेक नट या पाच शब्दांवर जीव ओततात. मला मात्र खरी ओळ त्याच्या पुढची वाटते: 'प्रे यू, अनडू धिस बटन. थँक यू, सर.' एवढं बटण काढता का? आभारी आहे. तिसऱ्या अंकात, वादळात, हाच राजा अंगावरचे कपडे ओरबाडत 'कम, अनबटन हिअर' असं ओरडला होता. तेव्हा हुकूम होता, आता विनंती आहे. आयुष्यभर ज्याला हुकूम सोडायचीच सवय, तो एका बटणासाठी आभार मानतो. मी ही ओळ कितीदा वाचली असेल, दरवेळी घसा दाटतो. आणि लंडनच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं ती ऐकूच येत नव्हती. १६८१मध्ये नेहम टेटने नाटक बदलून कॉर्डिलियाला जिवंत ठेवलं, आणि लोकांनी तेच उचलून धरलं.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली 'नॉट ब्लडी लाइकली' तू शिवी म्हणून वेगळी काढलीस. १९१४ साली लंडनचे प्रेक्षक त्यावर हसून लोटपोट झाले, ते नुसत्या शिवीमुळे नव्हे. दिवाणखान्यात, नव्याने शिकलेल्या निर्दोष उच्चारांत फुलं विकणारी एलायझा ती सहज बोलून जाते, म्हणून. पुलंची 'ती फुलराणी' याच नाटकावरून आली, हे तुला माहीत आहेच. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाच.

तर वहीतल्या प्रत्येक ओळीवर दोन बोटं जागा सोड आणि तिथे आधीच्या पात्राचं वाक्य लिही. चाळीस जमणार नाहीत, सहा कर.

रविवारी सकाळी तालमीला ये. लिअरचा तेवढाच तुकडा घेऊ. गळ्यापर्यंत बटणं असलेला सदरा घालून ये, आणि वरचं बटण लावून ये.

तुझा,
सर