वाचकांचे प्रश्न : मूत्रपिंडाच्या आजारावरचे नेमके संशोधन कसे शोधावे?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या लघवीतून प्रथिने जात असल्याने त्याची बायोप्सी झाली आणि अहवालात ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ (आयजीए नावाचे प्रतिपिंड मूत्रपिंडात साचून होणारा आजार) असे निदान आले. डॉक्टर स्टेरॉइड देण्याचा विचार करीत आहेत. मी विज्ञानाची पदवीधर असल्यामुळे मूळ संशोधन वाचावे असे मला वाटले. पण पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर ‘ग्लोमेरुलर डिसीज’ असे शोधल्यावर असंख्य असंबद्ध लेख समोर येतात. जे वाचले त्यांतही एका लेखात स्टेरॉइडचा उपयोग नाही असे आहे, तर दुसऱ्यात धोका सांगितला आहे. आमच्या उपयोगाचे लेख कसे ओळखावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचा पुंजका, आणि निरोगी मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख पुंजके असतात. त्यांचे आजार अनेक आहेत, पण त्यांची नावे ठेवण्यात एकसूत्रता नाही, ही आपल्या अडचणीची मुळातली बाजू आहे. आयजीए नेफ्रोपॅथी, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, लुपस नेफ्रायटिस, मिनिमल चेंज डिसीज हे सारे ग्लोमेरुलसचेच विकार असूनही त्यांच्या नावांत ‘ग्लोमेरुलस’ कुठेच येत नाही. म्हणून त्या एका शब्दावर विसंबल्यास महत्त्वाचे लेख निसटतात. उलट ‘लघवीतील प्रथिने’ या लक्षणाने शोधल्यास मधुमेह आणि गरोदरपणातील रक्तदाब यांवरचे लेखही त्यात मिसळतात.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील संशोधकांनी या अडचणीचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. त्यांनी निवडक नियतकालिकांतील लेख एकेक वाचून ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असे वेगळे केले आणि रक्ततपासणीची अचूकता जशी जोखतात तशी शब्दांच्या असंख्य जुळण्यांची अचूकता जोखली, म्हणजे संबंधित लेखांपैकी किती हाती लागतात आणि असंबंधित किती वगळले जातात हे मोजले. मूत्रपिंडविकारांसाठीच्या अशा शब्दजुळण्या, म्हणजेच शोधाच्या ‘गाळण्या’ (फिल्टर), ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झाल्या आणि पुढे ग्लोमेरुलसच्या आजारांसाठी स्वतंत्र गाळण्याही तयार झाल्या. माझ्या मते त्यातून सामान्य वाचकाने घेण्यासारखी गोष्ट ही की, एकाच आजाराची सर्व नावे एकत्र देऊन शोध घ्यावा.

आपल्या बाबतीत ‘आयजीए नेफ्रोपॅथी’, ‘आयजीए ग्लोमेरुलोनेफ्रायटिस’ आणि ‘बर्जर डिसीज’ ही तिन्ही नावे रोमन लिपीत लिहून त्यांच्यामध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घालावे, सर्वांना एका कंसात बसवावे आणि पुढे ‘अँड’ घालून स्टेरॉइडचा शब्द जोडावा. पबमेडमध्ये ग्रंथपाल वापरतात ते प्रमाणित विषयशीर्षक (‘मेश’) म्हणजे लेखाला जोडलेले आजाराचे ठरावीक नावही द्यावे. परंतु केवळ त्याच्यावर विसंबू नये, कारण अगदी नव्या आणि काही नियतकालिकांतल्या लेखांना ते जोडलेले नसते. त्यानंतर डाव्या बाजूच्या गाळणीतून ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून केलेली चाचणी) आणि ‘सिस्टेमॅटिक रिव्ह्यू’ (अशा अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) हे प्रकार निवडले, तर प्राण्यांवरचे प्रयोग आणि एकेका रुग्णाची वर्णने बरीचशी बाजूला होतात.

आता आपल्याला दिसलेल्या विसंगतीविषयी. जर्मनीतील ‘स्टॉप-आयजीएएन’ चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आधी रक्तदाब आणि प्रथिने काळजीपूर्वक आटोक्यात आणून मगच रुग्णांची उपचारगटांत विभागणी केली होती, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे (स्टेरॉइड त्यांतलेच) अधिक दिल्याने तीन वर्षांत मूत्रपिंडाचे कार्य टिकण्यात फायदा आढळला नाही. ‘टेस्टिंग’ या दुसऱ्या चाचणीत गंभीर संसर्ग वाढल्यामुळे जास्त मात्रेचे स्टेरॉइड मध्येच थांबवावे लागले आणि तो तपशील २०१७ मध्ये आला. मात्र संशोधकांनी मात्रा कमी करून, संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाची जोड देऊन ती चाचणी पुढे चालवली. २०२२ च्या अहवालात मूत्रपिंडाचे कार्य ढासळण्याचा धोका कमी झालेला दिसला, तरी गंभीर दुष्परिणामांची शक्यता उरलीच, विशेषतः मोठ्या मात्रेत. या चाचणीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चीन आणि मलेशियाबरोबर भारतातील रुग्णही होते, त्यामुळे आपल्यासाठी तिचे मोल अधिक आहे. मला वाटते, आपण वाचलेले दोन्ही लेख खरेच होते. त्यांच्यातील औषधाची मात्रा, रुग्णांची निवड आणि वर्षे वेगळी होती. म्हणून सारांश वाचताना निष्कर्षाच्या आधी रुग्ण कोण होते, २४ तासांच्या लघवीत प्रथिने किती होती आणि औषध किती व किती काळ दिले, या तीन गोष्टी पाहाव्यात.

सुटे लेख गोळा करण्यापूर्वी ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांच्या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ग्लोमेरुलसच्या आजारांवरील २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि आयजीए नेफ्रोपॅथीसाठी नंतर २०२५ मध्ये आलेली सुधारित तत्त्वे वाचावीत. ती विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि कोणत्या पुराव्यावर कोणती शिफारस उभी आहे हे त्यांत सांगितलेले असते. पूर्ण मजकूर मिळत नसेल, तर पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात प्रत आहे का ते पाहावे, किंवा लेखात दिलेल्या पत्त्यावर लेखकाला ईमेल करून प्रत मागावी. अनेक संशोधक ती आनंदाने पाठवतात.

डॉक्टरांकडे जाताना निवडक दोन-तीन लेखांचे सारांश आणि भावाच्या बायोप्सीच्या अहवालातील ऑक्सफर्ड वर्गीकरणाची (या आजारात मूत्रपिंडाला किती इजा झाली आहे हे दाखवणाऱ्या गुणांकनाची) नोंद बरोबर ठेवावी. त्या चाचण्यांतील रुग्णांशी आपल्या भावाची स्थिती किती जुळते, हा प्रश्न त्यांना थेट विचारावा. त्यांचे उत्तर मिळेपर्यंत कोणतेही औषध स्वतःहून सुरू करू नये किंवा थांबवू नये.