बसमध्ये दिसणाऱ्या अनोळखी लोकांची चित्रं काढायचीत, पण ते मधेच हलतात नाहीतर उतरून जातात. काय करू?

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, आधी पोज पकडा, म्हणजे डोकं कुठे झुकलंय, खांद्यांची रेघ किती तिरकी आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे एवढंच, हे 20-30 सेकंदात कागदावर येतं आणि मग माणूस हलला तरी फार बिघडत नाही. मी प्रवासात असंच स्केच करतो म्हणून सांगतोय, उभी माणसं सारखी हलतात खरी पण या पायावरून त्या पायावर करत बऱ्याचदा परत त्याच पोजमध्ये येतात, त्यामुळे एकाच पानावर दोन-तीन स्केच अर्धवट सुरू ठेवायची आणि जो परत जागेवर आला त्याचं पुढे न्यायचं. मोबाईलमध्ये डोकं घातलेले आणि पेंगणारे सगळ्यात सोयीचे (पैसे देऊन बसवलेलं मॉडेलही इतकं स्थिर बसत नाही!). रंग तिथेच लावत बसू नका, बाजूला "शर्ट मळका निळा, उजेड डावीकडून" असं लिहून ठेवा आणि घरी पेंट करा. फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए याने 1860 च्या दशकात रेल्वेच्या थर्ड क्लास डब्यातले प्रवासी रंगवले, तोही बरंचसं काम आठवणीतूनच करायचा. चोरून फोटो काढून कॉपी करणं मला तरी पटत नाही, चित्र ताठ होतं आणि समोरच्यालाही ते आवडत नाही. फक्त एक, या पद्धतीने हुबेहूब चेहरा मिळत नाही, तो हवाच असेल तर सरळ त्या माणसाला विचारून समोर बसवावं लागेल.