कॉक्लिअर इम्प्लांटमुळे मेंदूत गाठ होते का?

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, सुचवलंय. पण नातेवाईक म्हणतात, डोक्यात सतत लहरी जाऊन पुढे मेंदूत गाठ होते. थांबावं का?
– एक आई, सांगली

उत्तर : थांबू नका. भाषा शिकायची ही वर्षं परत मिळत नाहीत, आणि इम्प्लांटमुळे गाठ होते असं आजवर दिसून आलेलं नाही.

हे यंत्र मेंदूत बसवत नाहीत. रिसीव्हर कानामागच्या हाडावर, कातडीखाली असतो. त्याची बारीक तार आतल्या कानातल्या शंखासारख्या पोकळीत सरकवतात. बाहेरची कॉइल रेडिओ लहरींनी आवाजाची माहिती आणि वीज काही मिलिमीटर कातडीपलीकडे पोचवते, तेवढंच. क्ष-किरणांसारखी डीएनए तोडण्याची ताकद या लहरींत नसते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातल्या, पण मुख्यतः मोबाइल फोनच्या अभ्यासांवरून.

गाठ आणि बहिरेपण यांचा संबंध आहे, मात्र उलट्या दिशेने. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आली तर ऐकू येणं कमी होतं. शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयमध्ये ही नस नीट आहे का, गाठ तर नाही ना, हेही पाहतात. तो अहवाल जपून ठेवा.

खरी काळजी मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची घ्या. इम्प्लांट असलेल्या मुलांत त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मेनिन्जायटिस करणाऱ्या न्यूमोकोकल जंतूवरची पीसीव्ही लस पूर्ण झाली का, ते लसीकरण कार्डावर पाहा. दोन वर्षांवरील मुलांना त्यानंतर किमान ८ आठवड्यांनी त्याच जंतूवरची पीपीएसव्ही-२३ ही दुसरी लस देतात. लसीकरण शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी संपवा. पुढे कधीही ताप, उलट्या, मान आखडणं, गुंगी दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. कान वाहू लागला तरी घरगुती थेंब घालू नका.

प्रश्न : इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक मॉडेलमध्ये येतो, पण अटींवर. बाहेरची कॉइल जागेवर धरण्यासाठी इम्प्लांटमध्ये लोहचुंबक असतो; त्याला १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे एमआरआय यंत्राच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक) यंत्र चालेल की ३ चं, हे मॉडेलवर ठरतं. काहींना डोक्याला घट्ट पट्टी बांधावी लागते, नाहीतर चुंबक उलटून तीव्र वेदना होतात. काहींचा चुंबक आधी काढावा लागतो. बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारा कानावरचा भाग, खोलीबाहेरच ठेवायचा. त्या बाजूचा मेंदू चित्रात काळ्या डागाखाली झाकला जातो, म्हणून तिथलंच काही पाहायचं असेल तर रेडिओलॉजिस्टशी आधी बोला आणि इम्प्लांटचं कार्ड दाखवा.