तोंड बांधल्यावर ‘थांब’ कसं म्हणायचं?

‘तोंडच बांधलं, तर ती मला थांब कसं म्हणणार?’ बाँडेज, म्हणजे संमतीने एकमेकांना बांधण्याचा लैंगिक खेळ, आणि ताबा सोपवण्याचा खेळ यांबद्दल माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांच्या मनात हा प्रश्न हमखास असतो. बहुतेक जण तो अगदी शेवटी, उठता उठता विचारतात. या जोडप्यातल्या नवऱ्याने मात्र खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारला. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

दोघंही चाळिशीतले. हात बांधणं, डोळ्यांवर पट्टी हे त्यांच्यात आधीपासून होतं आणि दोघांनाही ते आवडत होतं. मग तिने गॅगचा, म्हणजे बोलता येऊ नये म्हणून तोंडात बसवायच्या बोळ्याचा किंवा पट्टीचा विषय काढला आणि तो हादरला. “मॅडम, ‘तू गप्प बस’ हे वडिलांचं वाक्य ऐकत मी मोठा झालो. आईला त्यांनी कधी धड बोलू दिलं नाही. मी तसा होणार नाही, असं लहानपणीच ठरवलं होतं. आणि आता हीच म्हणते, माझं तोंड बांध.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्यातच काहीतरी बिघडलंय का, हे मला विचारायचंय. दिवसभर मीच बोलत असते. घरी, कामावर, सगळ्यांना उत्तरं मीच द्यायची. थोडा वेळ माझ्याकडून कुणाला उत्तरच नको असावं, एवढंच मला हवंय.”

तिचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही, काही बिघडलेलं नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानपुस्तकात वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत फरक केलेला आहे. आवडीपायी माणूस स्वतः त्रासात असेल, त्याचं रोजचं जगणं अडत असेल किंवा ती आवड दुसऱ्यावर संमतीशिवाय लादली जात असेल, तेव्हाच विकाराचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आधीच्या यादीत असलेलं सॅडोमॅसोकिझमचं, म्हणजे वेदना देण्याघेण्यातून मिळणाऱ्या लैंगिक सुखाचं निदान तिच्यात नाही. संमती नसलेल्या माणसाला यातना देण्याची ओढ मात्र तिथे विकार म्हणून कायम आहे, आणि ती तशीच राहायला हवी.

नवऱ्याची भीती एवढ्यावर मिटणारी नव्हती. अशा वेळी मी दोघांशी वेगवेगळी बोलते. जोडीदारासमोर दिलेल्या होकारावर माझा पूर्ण भरवसा नसतो. तिला एकटीला विचारलं, “खेळ सुरू असताना तुम्ही त्यांना कधी थांबवलंय का? मग काय झालं?” ती म्हणाली, एकदा मनगटावर दोरी काचत होती. थांब म्हटल्याबरोबर त्याने गाठ सोडली, मनगट चोळून दिलं आणि पुन्हा सुरू करू या का, हे विचारलंसुद्धा नाही. उत्तर जर ‘दोन दिवस धुसफुसत होता’ असं आलं असतं, तर गॅगवर मी एक शब्दही बोलले नसते. आधी त्या धुसफुशीवर काम केलं असतं. नकार पचवता न येणाऱ्या माणसाच्या हाती समोरच्याचं तोंड बांधण्याचा अधिकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच्या वडिलांनी आईला गप्प बसवलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते थांबवायचा मार्गही तिच्याकडे नव्हता. इथे विषय बायकोने काढलाय आणि थांबवायची सोयही तीच ठरवणार आहे. हे त्याला डोक्याने पटलं, मनाला पटायला वेळ लागला.

मग आम्ही त्या सोयीवर आलो. नेहमीच्या खेळात सेफवर्ड असतो, तो उच्चारला की सगळं थांबतं. गॅग लावला की शब्द गेला. म्हणून तोंड बांधण्याआधी ‘थांब’ हाताकडे सोपवायचं. सगळ्यांत रुळलेली पद्धत म्हणजे हातात एखादी वस्तू धरायची आणि ती सोडली की थांबायचं. तिचा फायदा असा की बांधलेल्या माणसाला भोवळ आली तरी मूठ आपोआप सैल होते. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा निवडला. पुढच्या भेटीत तिने सांगितलं, घरी नुसतीच तालीम केली, गॅग न लावता. किल्ल्या गादीवर पडल्या आणि त्याला ऐकूच आलं नाही! मला फार बरं वाटलं, कारण अशी उणीव तालमीतच उघड झालेली बरी. त्यांनी घुंगरांचा पट्टा आणला आणि हात पलंगाच्या कडेबाहेर ठेवायचं ठरवलं. शिवाय तीन वेळा ठळक हुंकार दिला, तरी थांबायचं.

पण खूण देणं ही एकट्या बांधलेल्याची जबाबदारी नाही. खेळात रंगलेला माणूस कधी कधी खूण द्यायचंच विसरतो. म्हणून त्यानेही मधूनमधून तिचा हात दोनदा दाबायचा आणि तिने दोनदा दाबून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की गॅग लगेच काढायचा, कारण विचारत बसायचं नाही.

शरीराबद्दलही मला काही गोष्टी तपासायच्या होत्या. तोंड भरलेलं असताना सगळा श्वास नाकावर येतो. सर्दी असेल, सायनसचा त्रास असेल, दमा उसळलेला असेल, तर त्या दिवशी गॅग नाहीच. फिटचा आजार असेल तर हा प्रकार सोडूनच द्यावा. मळमळत असेल, पोट गच्च भरलेलं असेल किंवा दारू घेतली असेल तरीही नको, कारण उलटी झाली आणि तोंड बंद असलं तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. यात जीव जाऊ शकतो. तोंडात मोजा किंवा कापडाचा बोळा कोंबून वर चिकटपट्टी लावणं सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात तो बोळा घशात सरकू शकतो. गळ्यावर दाब देणं यासोबत कधीच जोडू नये.

बॉल गॅग, म्हणजे तोंडात चेंडू बसणारा गॅग, लावल्यावर लाळ नीट गिळता येत नाही, ती ओघळते. याची तिला लाज वाटत होती, म्हणून ती उताणी पडून ती गिळायचा प्रयत्न करणार होती. तेच टाळायचं. उताणं झोपलं की लाळ घशाकडे जाते, पालथं झोपलं की नाक उशीत दबतं. बसावं किंवा कुशीवर झोपावं, आणि लाळ वाहू द्यावी. बॉल लहान, साधारण दीड इंचाचा आणि सिलिकॉनचा घ्यावा. मोठ्या आकाराने जबड्याचा सांधा दुखावतो. तिचा जबडा जांभई देताना आधीच कटकन वाजायचा, म्हणून त्यांनी बॉलऐवजी दातांत धरायची मऊ आडवी पट्टी पसंत केली. ती तिला जिभेने बाहेरही ढकलता यायची. सुरुवातीला पाच मिनिटं, तीही हात मोकळे ठेवून. बोथट टोकाची कात्री हाताशी. आणि तिला एकटी सोडून खोलीबाहेर जायचं नाही, अगदी दार वाजलं तरी.

पहिल्या वेळेनंतर तो एकटाच भेटायला आला, चेहरा उतरलेला. गॅग काढल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही, त्याला वाटलं ती दुखावली. तिला विचारलं तर म्हणाली, इतकं शांत कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, बोलावंसंच वाटेना. खेळानंतरची काळजी, ज्याला आफ्टरकेअर म्हणतात, ती तोंड बांधणाऱ्यालाही लागते हे इथे लक्षात घ्यायला हवं. आता गॅग निघाला की ती त्याचा हात दोनदा दाबते. मग पाणी, जबड्याला हलका मसाज आणि हवा तेवढा वेळ शांतता. सविस्तर बोलणं दुसऱ्या दिवशी.

त्याच्या बाजूनेही एक अट आली आणि ती मला फार मोलाची वाटते. ज्या दिवशी त्यांच्यात भांडण झालेलं असेल, त्या दिवशी तो गॅगला हात लावणार नाही, तिने मागितला तरी. “रागात असताना तिचं तोंड बांधलं, तर मी आणि माझे वडील यांत फरक राहणार नाही,” असं तो म्हणाला. तिला पहिल्यांदा हे जाचक वाटलं, थोडी वादावादीही झाली. शेवटी तिने मान्य केलं: त्याचा नकारही नकारच आहे, आणि त्यासाठी त्याने कारण द्यायची गरज नाही.