तिसरा नियम, टेबलावरचं पुस्तक आणि क्लासच्या नोट्स

ताई, तुमचा मुलगा नववीत आहे, न्यूटनचे तिन्ही नियम घडाघड म्हणतो, पण 'घोडा गाडीला ओढतो तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते, मग गाडी हलते कशी?' इथे अडला. आणि क्लासवाले म्हणतात सराव कमी पडतोय. सराव नाही हो कमी पडत. माझ्या मुलीच्या नववीत डिट्टो हेच झालं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

व्याख्या, एककं, सूत्रं यांत मी शिरत नाही, ती पुस्तकात आहेत. आणि मी शिक्षिका नाही. फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं आणि बँकेत चिकटले, तेव्हा शाळेतल्या सरांना एकदा विचारून घ्या.

आमचा क्लास स्टेशनजवळचा, बाहेर टॉपर्सच्या फोटोंचा मोठा बॅनर. नाव घेत नाही. चाचणीत प्रश्न होता: टेबलावर पुस्तक ठेवलं आहे, पुस्तकाच्या वजनाचं प्रतिक्रिया बल कोणतं? मुलीने लिहिलं, 'पुस्तक पृथ्वीला वर ओढतं.' त्यावर लाल फुली, बाजूला 'टेबलाचं पुस्तकावरचं बल, नोट्स बघ'. मुलीचं उत्तर बरोबर होतं! ऑफिसात गेले तर काचेमागच्या मॅडम म्हणाल्या, मॉडेल आन्सर वरून येतं, आम्ही बदलू शकत नाही. सरांचा नंबर मागितला, तो द्यायचा नाही म्हणे. शेवटी जिन्यात सर भेटले, ते म्हणाले बोर्डाला एवढं खोलात लागत नाही.

एक मार्क गेल्याचं काही नाही. पण पोरीच्या डोक्यात बसलं की क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर असतात, समान आणि विरुद्ध असतात, म्हणजे एकमेकांना खोडतात. मग प्रत्येक गणितात तिचं उत्तर शून्य. तुमच्या मुलाचा घोडाही तिथेच अडलाय, मला खात्री आहे.

खरं काय, तर तिसऱ्या नियमातली दोन बलं कायम दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. वजन आणि टेबलाचा रेटा ही दोन्ही बलं एकट्या पुस्तकावर आहेत. ती समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे, म्हणजे हे संतुलित बलांचं काम, तिसऱ्या नियमाचं नाही.

पटत नसेल तर वजनकाटा घेऊन बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उभं करा त्याला. काटा जुना, सुईवाला हवा. डिजिटल बहुतेक आकडा धरून ठेवतात, त्यात मजा नाही. लिफ्ट वर निघते त्या क्षणी सुई पुढे सरकते. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, सेकंदवर्गाला 1 मीटर धरलं तर 50 किलोच्या मुलाला क्षणभर 55 दिसतील. पृथ्वी तेवढीच ओढतेय, पण काट्याचा रेटा वाढला. ही दोन जोडीदार असती तर कायम समान राहायला हवी होती ना?

आता घोडा. गाडीचं गणित करताना फक्त गाडीवरची बलं मोजायची: घोड्याची ओढ पुढे, घर्षण मागे. पहिलं मोठं, गाडी निघाली. गाडी घोड्याला ओढते ते घोड्याच्या हिशेबात. आणि घोडा जमिनीला खुरांनी मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढे रेटते.

माझं मत विचाराल तर सूत्रात आकडे टाकायच्या आधी एकच वस्तू काढायची, तिच्यावरचेच बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर 'कोणाचं, कोणावर' लिहायचं. आमच्या वहीत 'पृ. चं पु. वर', 'टे. चं पु. वर' असे बाण असायचे. गिचमिड दिसतं, दिसू दे. हे न करता शंभर गणितं सोडवून घेणं म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा आहे.

दुसऱ्या नियमाला, म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, लोकल घ्या. स्टेशनातून सुटून 40 सेकंदांत ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेग पकडला असं धरा. त्वरण आलं 0.5. उभ्या असलेल्या 60 किलोच्या माणसाला सोबत न्यायला 30 न्यूटन बल लागतं, तीन किलो कांद्याची पिशवी उचलायला लागेल साधारण तेवढं. ते कोणाचं, कोणावर? गाडीच्या फरशीचं, चपलांच्या तळव्यांवर. विचारून बघा, दहातले आठ 'इंजिनाचं' म्हणतील.

संवेगासाठी, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, घरचा कॅरम पुरतो. स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत, सोंगटी पाचेक ग्रॅमची, समोरासमोर टक्कर झाली की सोंगटी जोरात पळते आणि स्ट्रायकरही थोडा पुढेच जातो. पावडर टाकून आणि न टाकता दोन्ही करा, म्हणजे घर्षणही उरकतं. सुट्टीत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहेच, पण शाळेच्या सहलींच्या दिवसांत नको, गर्दीत कुठल्याही यंत्राला हात लागत नाही.

क्लास सोडा असं मी म्हणणार नाही, अर्ध्या वर्षात फी परत देणारा क्लास मला तरी भेटलेला नाही. पण तपासलेले पेपर घरी मागा. नाहीच दिले तर सही करताना प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या आणि फुली मारलेली उत्तरं शाळेतल्या सरांना दाखवा, विशेषतः जिथे मुलगा 'पण मला बरोबर वाटतंय' म्हणतो ती.